थाळनेर : तापीकाठची विसरलेली राजधानी

परदेशी सहलींचा शौक आता खानदेशातील व्यापारी कुटुंबांना नवा राहिलेला नाही. स्वित्झर्लंडचे बर्फ पाहून झाले, पॅरिसचा मनोरा पाहून झाला. अलीकडे बल्गेरिया, सर्बिया अशा आग्नेय युरोपातील देशांची नावेही सहलीच्या यादीत दिसू लागली आहेत. नदीकाठी वसलेले लहानसे गाव, त्याच्या डोक्यावर पडका किल्ला, जुन्या राजवटींच्या कबरी आणि एकेकाळच्या व्यापारी पेठेच्या खुणा, असे ते दृश्य असते. प्रवासी ते मोठ्या कौतुकाने पाहतात, छायाचित्रे काढतात आणि हे गाव कसे अजून कोणालाच ठाऊक नाही, असे घरी येऊन सांगतात.

नेमके असेच एक गाव धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात, तापीच्या उत्तर तीरावर आहे. त्याचे नाव थाळनेर. एका राज्याची पहिली राजधानी, सुरत ते बऱ्हाणपूर या वैभवशाली व्यापारी मार्गावरील नदी ओलांडण्याचे ठिकाण, एका रक्तरंजित दिवसाचे साक्षीदार आणि एका जगद्विख्यात गायिकेचे आजोळ, इतके सारे या एका गावाच्या पदरात आहे. तरीही धुळे किंवा जळगाव येथून सकाळी निघून दिवस मावळण्यापूर्वी परत येता येईल इतक्या जवळच्या या गावी मुद्दाम जाणारी कुटुंबे फार थोडी.

भुकेल्या सुलतानाची गोष्ट

थाळनेरची ऐतिहासिक कहाणी एका जेवणापासून सुरू होते. सोळाव्या-सतराव्या शतकातील इतिहासकार फेरिश्ता याने ती नोंदवून ठेवली आहे. दिल्लीचा सुलतान फिरोजशाह तुघलक गुजरातेत शिकारीसाठी हिंडत असताना आपल्या लोकांपासून दूर भरकटला. भुकेने व्याकुळ झालेल्या सुलतानाला वाटेत मलिक राजा नावाचा एक साधा शिलेदार भेटला. जवळ जे काही अन्न होते ते त्याने पाहुण्यापुढे ठेवले. त्या सेवेवर प्रसन्न होऊन सुलतानाने त्याला १३७० मध्ये थाळनेर आणि करवंद या भागांची जहागीर दिली.

गोष्टीतला अलंकार बाजूला ठेवला तरी त्यातले तथ्य उरतेच. सन १३७० मध्ये मलिक राजा थाळनेरला आला, काही वर्षांतच दिल्लीची सत्ता दुबळी होताच त्याने तिकडे खंडणी पाठवणे बंद केले आणि स्वतंत्रपणे राज्य करू लागला. त्याच्या वंशाला फारुकी घराणे म्हणतात. या घराण्याने खानदेशावर सुमारे दोनशे वर्षे राज्य केले. खानांचा देश म्हणून खानदेश, अशी या प्रदेशाच्या नावाची एक व्युत्पत्ती सांगितली जाते. कान्हदेश या जुन्या नावावरून ते आले असेही मानणारे आहेत. पहिली व्युत्पत्ती स्वीकारली, तर या नावाचे मूळही थाळनेरपर्यंत जाऊन पोहोचते.

मलिक राजा १३९९ मध्ये वारला. मरण्यापूर्वी त्याने राज्य दोन मुलांत वाटले. थोरला नासीर याला लळिंग मिळाले, तर धाकटा इफ्तिखार याला थाळनेर. व्यापारी घरांत वाटणीनंतर जे कधीकधी घडते तेच येथे घडले. नासीरने आधी असीरगड हस्तगत केला, तापीच्या काठी बऱ्हाणपूर वसवले आणि १४१७ मध्ये धाकट्या भावाकडून थाळनेरही घेतले. पुढे राजधानी बऱ्हाणपूरला स्थिरावली. थाळनेरचे राजधानीपण संपले, पण राजघराण्याचे मन लगेच तेथून निघाले नाही.

घुमटांच्या सावलीत

त्याची खूण आजही उभी आहे. सत्ता बऱ्हाणपूरला गेल्यानंतरही फारुकी राजांना अखेरच्या विसाव्यासाठी थाळनेरलाच आणले जात असे. मलिक राजा, नासीर खान, त्याचा मुलगा मिरान आदिल खान आणि नातू मिरान मुबारक खान, असे सलग चार राजे येथे दफन झाले. पाचव्या राजाने, दुसऱ्या आदिल खानाने, आपली कबर बऱ्हाणपूरला असावी अशी इच्छा व्यक्त केली आणि तेथे ही परंपरा खंडित झाली.

गावाबाहेर शेतांच्या सोबतीने उभा असलेला हा घुमटांचा समूह थाळनेरचे सर्वांत देखणे वैभव आहे. काही कबरी विटांच्या आहेत, काही दगडी. त्यांतील अष्टकोनी दगडी कबर विशेष पाहण्याजोगी. तिच्या भिंतींवर बारीक कोरीव काम आणि अक्षरांच्या पट्ट्या आहेत. देवळांच्या शिल्पात वाढलेल्या हातांनीच नव्या राजाच्या मागणीनुसार ही वास्तू घडवली असावी, असे ते नाजूक काम पाहताना मनात येते. मोठ्या शहरांतील स्मारकांभोवती असतात तसे तिकिटांचे रांगेचे कठडे येथे नाहीत. वाऱ्याने हलणारे पीक, एखादे चरणारे जनावर आणि घुमटातील गार सावली एवढाच येथला थाट.

सुरतेची वाट

राजधानी गेली तरी थाळनेर मोठे राहिले ते व्यापारामुळे. तापी मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते आणि पश्चिमेला सुरतेपाशी समुद्राला मिळते. त्यामुळे सुरत बंदर आणि बऱ्हाणपूरचा बाजार यांना जोडणारी वाट स्वाभाविकपणे तापीच्या खोऱ्यातूनच गेली. नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा, बऱ्हाणपूर हे त्या वाटेवरचे टप्पे. पुढे ती वाट आग्ऱ्याला जाई. दक्षिण तीराने आलेला माल थाळनेरपाशी नदी ओलांडून उत्तर तीराला लागत असे.

सन १६१० मध्ये या वाटेने गेलेला इंग्रज व्यापारी विल्यम फिंच याने थाळनेरचा उल्लेख केला आहे. गाव चांगले आहे, किल्ला आहे, पण तेथवरची वाट चोरांची आहे आणि पावसाळ्यात नावेखेरीज नदी ओलांडता येत नाही, असे त्याचे निरीक्षण होते. सतराव्या शतकाच्या मध्यास फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निए याच मार्गाने गेला. जळगावच्या सराफ बाजारातील मंडळींना हा आपल्याच धंद्यातला माणूस वाटावा, कारण हिरे-माणकांच्या खरेदीसाठी तो पुनःपुन्हा हिंदुस्थानात आला. नवापूरच्या बारीक दाण्याच्या, कस्तुरीसारख्या वासाच्या तांदळाची त्याने तारीफ केली आणि टप्प्यांच्या यादीत थाळनेर व चोपडा ही नावेही टिपली.

तावेर्निएच्या लिखाणातून त्या काळचा रस्ता डोळ्यांपुढे उभा राहतो. शंभर-दोनशे बैलगाड्यांचा काफिला एकामागून एक चाललेला असे. समोरून धान्य, तांदूळ किंवा मीठ लादलेल्या हजारो बैलांचा तांडा आला की अरुंद वाटेवर गाड्यांना दोन-दोन, तीन-तीन दिवस थांबून राहावे लागे. बऱ्हाणपूरचे कापड या वाटेने सुरतेला उतरे आणि तेथून इराण, तुर्कस्तान, इजिप्त, अगदी रशिया आणि पोलंडपर्यंत जाई. आग्नेय युरोपातील गावे त्या काळी तुर्की साम्राज्यातच होती. ज्या जुन्या पेठा पाहायला आजचा प्रवासी विमानाने जातो, तशा पेठांत खानदेशच्या वाटेने गेलेले कापड त्या काळी उलगडले गेले असेल, अशी कल्पना सहज करता येते.

खानदेश हा केवळ रस्त्याचा प्रदेश नव्हता, तो मालाचाही होता. अकबराच्या दरबारातील अबुल फजल याने धरणगावच्या तलम कापडाचा खास उल्लेख केला आहे, आणि सतराव्या शतकात इंग्रजांनी धरणगावला वखारही घातली होती.

या साऱ्या उलाढालीत जैन व्यापाऱ्यांचा वाटा मोठा होता. सुरतेचे वीरजी व्होरा हे त्या काळातील जगातल्या श्रीमंत व्यापाऱ्यांपैकी एक गणले जात. इंग्रज कंपनीही त्यांच्याकडून कर्ज घेत असे. त्यांच्या पेढीचे मुनीम-गुमास्ते आग्रा, बऱ्हाणपूर, गोवळकोंडा अशा ठिकाणी बसलेले असत. सुरत आणि बऱ्हाणपूर यांच्यामधील त्यांचा माल आणि माणसे तापीखोऱ्यातल्या या वाटेवरूनच जात-येत असणार.

रोकड घेऊन या वाटेने कोणी सहसा जात नसे. व्यवहार हुंडीवर चाले. तावेर्निएने सुरतेच्या हुंड्यांचे दर लिहून ठेवले आहेत. ढाक्याहून काढलेल्या हुंडीला सुमारे दहा टक्के, आग्ऱ्याहून सव्वाचार ते पाच टक्के आणि बऱ्हाणपूरहून अडीच ते तीन टक्के. दर चढे का, याचे कारणही तो देतो. वाटेत माल लुटला गेला, तर पैसे देणाऱ्याची रक्कम बुडत असे. म्हणजे हुंडीच्या दरात व्याजाबरोबर वाटेवरच्या जोखमीचा विमाही मिसळलेला होता. फिंचला भेडसावणारी थाळनेरजवळची चोरांची वाट सुरतेच्या सावकाराच्या वहीत अशी आकड्यांच्या रूपाने उतरत होती.

त्या काळचा व्यापारी प्रवास किती धोक्याचा होता, हे उत्तर हिंदुस्थानातील जैन व्यापारी बनारसीदास यांच्या ‘अर्धकथानक’ या १६४१ मधील आत्मचरित्रातही दिसते. रात्री चुकून चोरांच्या गावात मुक्काम पडला, तेव्हा त्यांनी आणि सोबत्यांनी सूत वळून जानवी केली, ती घातली आणि ब्राह्मण असल्याचे भासवून जीव वाचवला. खानदेशच्या वाटेवर असे किती प्रसंग घडले असतील. ते लिहून ठेवणारा बनारसीदास मात्र येथे झाला नाही.

पाचवा दरवाजा

थाळनेरच्या इतिहासातील सर्वांत काळा दिवस २७ फेब्रुवारी १८१८ हा होय. मराठेशाहीच्या उत्तरार्धात थाळनेर होळकरांकडे होते. महिदपूरच्या लढाईत पराभव झाल्यावर ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला आणि होळकरांनी खानदेश इंग्रजांच्या स्वाधीन करण्याचे कबूल केले. त्या तहाच्या आधारे सर थॉमस हिस्लॉप याचे सैन्य थाळनेरपुढे येऊन ठेपले. किल्लेदार तुळशीराम मामा याने किल्ला सोडण्यास नकार दिला.

किल्ल्याची रचना समजून घेतल्याशिवाय पुढचा प्रसंग कळत नाही. एक बाजू थेट तापीच्या पात्रातून वर आलेली, बाकी तीन बाजूंना खोल घळ, आणि त्या घळीतून साठ फूट उंच उठलेल्या भिंती. आत जाण्याची वाट एकच, ती पूर्वेकडून. त्या वाटेवर वळणावळणाने एकामागून एक पाच दरवाजे.

तोफांच्या माऱ्यानंतर इंग्रजी तुकडी दरवाजे ओलांडत आत शिरू लागली. तिसऱ्या दरवाजापाशी किल्लेदार बाहेर आला आणि त्याने स्वतःला इंग्रज अधिकाऱ्याच्या हवाली केले. त्याच्यासोबत काही वाणी होते. आदल्या संध्याकाळी किल्लेदाराने पेठेतून त्यांना जबरदस्तीने किल्ल्यात आणले होते. तागडी आणि वही सोडून रात्रभर तोफांचा आवाज ऐकत बसलेली ती माणसे कोण होती, त्यांची नावे काय होती, हे कोणत्याही अहवालात नाही. युद्ध दोन सत्तांचे होते, कोंडले गेले मात्र पेठेतले दुकानदार.

शरणागती झाली असे इंग्रजांनी मानले. पण पाचव्या दरवाजाच्या आत अरब शिबंदी होती आणि तिच्याशी अटी नीट ठरल्याच नव्हत्या. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नव्हती. दिंडी दरवाजा उघडला, काही अधिकारी व शिपाई आत गेले आणि गैरसमजातून हातघाई झाली. मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर हे दोघे तेथेच ठार झाले. त्याचा सूड म्हणून सैन्याने आतील सुमारे तीनशे लोकांची कत्तल केली. त्याच संध्याकाळी, स्वतः शरण आलेल्या तुळशीराम मामाला हिस्लॉपने फाशी दिले.

या कृत्याची चर्चा इंग्लंडच्या पार्लमेंटपर्यंत गेली. सन १८१९ मध्ये सैन्याच्या आभाराचा ठराव मांडला गेला, तेव्हा थाळनेरच्या किल्लेदाराच्या फाशीचा प्रश्न त्या आभारातून मुद्दाम वेगळा ठेवावा लागला. जेत्यांनाही ते पूर्णपणे पचले नव्हते. शरण आलेल्याला अभय हा या भूमीचा जुना संकेत. आणि हिंसेच्या एका ठिणगीतून निरपराधांचा केवढा संहार होतो, याचे याहून जवळचे उदाहरण खानदेशात शोधून सापडणार नाही. किल्ल्याचे आज थोडेच अवशेष उरले आहेत. काही भिंती, बुरुजांचे तुकडे आणि खाली संथ वाहणारी तापी. तेथे उभे राहिले की त्या निनावी वाण्यांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

पेठ कशी हलते

खानदेशचा पहिला इंग्रज अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने कारभाराचे ठाणे म्हणून थाळनेर निवडले नाही. त्याने धुळ्याची निवड केली. तेथे नव्या पेठेची आखणी करून व्यापाऱ्यांना आणि कारागिरांना बाहेरगावांहून बोलावून वसवले. आजच्या धुळ्यातील सरळ रेषेतल्या रस्त्यांमागे ती आखणी आहे. एक योगायोग असा की फेरिश्ताच्या फारसी ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १८२९ मध्ये प्रसिद्ध झाला, तो याच ब्रिग्जचा. थाळनेरला मिळालेल्या जहागिरीची गोष्ट इंग्रजीत आणली ती ज्याने धुळे मोठे केले त्याच माणसाने.

पुढे मुंबई-आग्रा रस्ता धुळे-शिरपूरवरून गेला. रेल्वे आली तीही तापीच्या दक्षिणेकडून. विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झालेल्या ताप्ती व्हॅली रेल्वेने सुरतेला नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरमार्गे जळगावकडे जोडले. जो माल बैलगाडीने थाळनेरला नदी ओलांडायचा, त्याला आता थाळनेरची गरजच उरली नाही. नदीने गाव बुडवले नाही, दुष्काळाने ओस पाडले नाही. वाट बदलली आणि पेठ हळूहळू हलली. व्यापाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ज्या नाक्यावर दुकान आहे त्या नाक्याचेच महत्त्व गेले की काय होते, हे बाह्यवळण रस्ते आल्यानंतर अनेक कुटुंबांनी स्वतः अनुभवले आहे.

शेठजींच्या घरची गाणी

तरीही विसाव्या शतकात थाळनेर एका वेगळ्याच कारणाने देशाच्या कानांत पोहोचले, फक्त गावाचे नाव कोणी घेतले नाही. येथे शेठ हरिदास रामदास लाड या गुजराती व्यापारी व जमीनदाराचे घर होते. नाट्यसंगीताचे थोर गायक मास्टर दीनानाथ मंगेशकर यांचा विवाह या घरातील नर्मदा यांच्याशी झाला. त्यांच्या अकाली निधनानंतर धाकट्या बहिणीशी, शेवंतीशी, दीनानाथांचा विवाह झाला. त्याच माई मंगेशकर. लता, मीना, आशा, उषा आणि हृदयनाथ ही त्यांची मुले.

लताबाईंचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदूरला झाला, पण त्यांचे आजोळ थाळनेर. पावागडचे गरबे आणि इतर गुजराती लोकगीते त्या आजीकडून शिकल्या. गुजरातेतून व्यापाराच्या वाटेने खानदेशात आलेल्या घराने आपली गाणी सोबत आणली, ती आजीच्या तोंडून नातीच्या कानांवर गेली. सुरतेच्या वाटेने एवढा माल गेला-आला, त्यातला हा ऐवज सर्वांत मोलाचा म्हणावा लागेल.

थाळनेरला जायचे तर

धुळ्याकडून येणाऱ्यांनी शिरपूरमार्गे, तर जळगावकडून येणाऱ्यांनी चोपडामार्गे थाळनेर गाठावे. पावसाळ्यानंतर ते फाल्गुनापर्यंतचा काळ उत्तम. उन्हाळ्यात तापीकाठचे ऊन सोसवत नाही. सकाळी नवकारसी आटोपून निघाले, सोबत दशम्या, खाकरे आणि उकळलेले पाणी घेतले, तर घुमट, किल्ल्याचे अवशेष आणि नदीकाठ निवांत पाहून चोविहारापूर्वी घरी पोहोचता येते. मुलांना सोबत न्यावेच. भिंतींवर नावे कोरू नयेत आणि कोरीव दगडांना हात लावू नये, हा पहिला धडा त्यांना तेथेच द्यावा.

दुसरा धडा घरी परतल्यावरचा आहे. थाळनेरच्या तिसऱ्या दरवाजातून बाहेर आलेल्या वाण्यांची नावे उरली नाहीत, कारण त्यांच्या वह्या उरल्या नाहीत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने एकामागून एक खंडांत प्रसिद्ध केली, ती गावोगावच्या दप्तरांतील जुने कागद धुंडाळून. त्यांनी अखेरचा श्वास घेतला तो धुळ्यातच, ३१ डिसेंबर १९२६ रोजी. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही तेथे आहे. खानदेशातील कितीतरी व्यापारी घरांच्या माळ्यावर आजोबा-पणजोबांचे लाल कापडात बांधलेले चोपडे, हुंड्या आणि पत्रे अजून पडून असतील. घर पाडून नवी इमारत बांधताना ते रद्दीत जातात. त्यांत गावांच्या पेठा आहेत, भाव आहेत, दुष्काळ आहेत, स्थलांतरे आहेत.

या दिवाळीत वहीपूजन करताना एखाद्या कुटुंबाने एक जुनी वही उघडून मुलांना वाचून दाखवली, तिचे पहिले पान झेरॉक्स करून जपले, तरी पुष्कळ झाले. कोणाच्या वहीत थाळनेरच्या एखाद्या आडत्याचे नाव निघाले, तर दोनशे वर्षांपूर्वी त्या दरवाजातून बाहेर आलेल्या माणसांपैकी निदान एकाच्या वारसाची ओळख पटल्यासारखे होईल.